सशाचं गाढव झालं तवा

मला लिवायला सांगितलं तवा मी आदी न्हाईच म्हनले. माझी शाळा तिसरीपस्तोर, तीबी अर्धी, काहून की तिसरीच्या मधातच माझं लगीन लागलं. पन आमच्या कुरुंद्याच्या मास्तरीनबाई म्हनल्या, "सोजर, दिवाळीच्या अंकात समदे वकील न् मास्तर आपापल्या नौकरीचं लिवून राहिलेत, तू तुझ्या नौकरीचं लिव. सशाची नौकरी केलेली बाई या मुलखात दुसरी कोन हाय?" हे मातर खरं. म्हनून लिवून राहिले. मांडीवर धाकटी हाय, ती रडली की माझं लिवनं तिथंच तुटंल, तुमी जोडून घ्या.

नौकरी अशी व्हती. लढाईची वर्सं. हिंगोलीत एका मोठ्या अंमलदाराचा बंगला. साहेबाचं नाव आन् हुद्दा लिवत न्हाई, असल्या लोकांचे हात लांब असतात आन् माझं काळीज चिमनीएवढं. त्यांच्या बेगमसाबनं हैदराबादहून चार ससे मागवले, पांढरेशुभ्र, डोळे लाल, बघनाऱ्याला वाटावं चौघांचेबी डोळे आलेत. आगगाडीनं आले, पेटीत, वरून पडदा सोडून. बेगमसाब पडद्यात, ससेबी पडद्यात. बंगल्याच्या आतल्या अंगाला गडीमानूस चालत न्हाई, म्हनून सशाला बाई पायजे व्हती. माझा मालक जिनिंगात कामाला, त्याला कोनीतरी सांगितलं आन् मी गेले, कडेवर नामाला घेऊन. नामा तवा वर्साचा नव्हता झाला.

बेगमसाबनं माझ्याकडं बगितलं न्हाई, नामाकडं बगितलं. "ये क्या है?"

"लेकरू हाय जी. घरात बघायला कोनी न्हाई. सासू न्हाई, माय तिकडं साखऱ्याला."

"हौ, ला. मगर बच्चा इधर-उधर फिरना नक्को. फिरा तो कल से तू भी आना नक्को."

मी "जी" म्हनले. दुसरीकडं कुठं लेकराला घेऊन काम देतेत? शेतावर बांधाला टाकावं लागते, तिथं इच्चू-काटा. इथं फरशी व्हती, सावली व्हती, नामा पोत्यावर बसायचा आन् मी सशाचं करायची. ही नौकरी गेली तर लेकरू कुठं ठिवू, हा एकच भेव मला रातंदिस व्हता.

लोकांना वाटते ससे राखनं म्हंजे गवत टाकलं की झालं. तसं न्हाई बापा. सशाचं तोंड दिसभर हललं पायजे, अर्धा दिस हललं न्हाई तर समजा मामला बिघडला. त्याचे दात नखावानी वाढतात, त्याला कुरतडायला बाभळीची काडी द्या. उन्हाळ्यात जाळीवर वलं गोनपाट टाका, न्हाईतर जागच्या जागी तापून मरतो. आन् ससा स्वताच्या लेंड्या खातो. समद्या न्हाई, एक मऊ येती ती, बुडाला तोंड लावून, कोनी बघत नसताना. ते त्याला लागते, त्याच्यानं ताकद येती. बेगमसाबनं एकदा हे बगितलं आन् कपाळावर हात मारला. "तौबा! शरीफ घर का खरगोश! इसकी आदत छुड़ा." मी "जी" म्हनले आन् सशाला खाऊ दिलं. मोठ्या मानसाला जी म्हनायचं आन् जनावराला त्याचं करू द्यायचं, या नौकरीतलं हे पैलं शिक्षान.

पावने लई यायचे. पुरुस पावने जाळीकडं बगून एकच इचारायचे, "कब पकेंगे?" बाया इचारायच्या, दूध किती देतेत. हट्टा गावची एक पाटलीनबाई आली व्हती, ती मला म्हने, "काहून वं, येवढाले कान, ऐकू बी जास्ती येत आसंल?" मी म्हनले, "येते की. पन नौकर मानसावानी, ऐकते आन् गप राहते." ती हसली न्हाई. तिच्या घरी नौकर लई व्हते.

चौघांतला एक लाडला. तो साहेबाच्या लेकीचा, छोटीबीचा. ती सात वर्सांची, त्याला ताटाजवळ बसवल्याबिगर घास घेत नव्हती.

आता खरं ते लिवते.

सकाळची येळ. मी जाळी झाडून राहिले व्हते. लाडल्याला बाहेर काढला, कानाला धरून. समदे तसंच धरतेत, बाजारात कोंबडी पायाला आन् ससा कानाला. मला ठाऊक नव्हतं असं न्हाई. पेटीसंगं जो मानूस आला व्हता त्यानं दाखवून दिलं व्हतं, एक हात छातीखाली, एक हात बुडाखाली, बूड लोंबकळू द्यायचं न्हाई. पन घाई आसली की शिकलेलं कुठं ध्यानात राहते. तर लाडला हातात, आन् मी सहज मागं बगितलं तर पोत्यावर नामा न्हाई. त्याला आता पाय फुटले व्हते, तो अंगनातल्या हौदाच्या बुटक्या कठड्यावर. पोट कठड्यावर, डोकं पान्याकडं, पाय जमिनीवरून उचललेले. मी कशी पळाले मला ठाऊक न्हाई. एका हातात ससा तसाच लोंबकळत, दुसऱ्या हातानं नामाचं झबलं धरलं आन् मागं वढला. आन् त्या वढनीत लाडल्यानं हवेत लाथ झाडली, लई जोरानं, आन् माझ्या हाताला कट् असं लागलं. आवाज न्हाई आला. हाताला कळलं.

खाली ठिवला. पुढचा अर्धा ससा चालायला लागला, मागचा अर्धा तिथंच राहिला.

मागचे दोन्ही पाय वल्या फडक्यावानी पसरलेले, आन् पुढच्या दोन पायांवर तो सोताला वढत जाळीकडं चालला. मी नामाला पोत्यावर बसवलं, तोंड पुसलं, आन् मंग वरडले, "बेगमसाब! धावा जी! लाडल्याला काय झालं बगा!" जसं मी आत्ताच बगितलं. कसं झालं ते सांगायचं तर नामा हौदावर कसा गेला तेबी सांगावं लागंल, आन् ते सांगितलं की उद्या येनं नक्को. म्हनून गप राहिले. सशावानी.

मंग दवापानी सुरू झालं. सैपाकाला मौलाबी व्हती, मोठी मायाळू बाई, तिला समद्यांचे आजार ठाऊक. ती म्हनली, "हवा लगी. कमर पे से हवा गई." राईच्या तेलात लसून उकळून तिनं कमरंला चोळला. लाडल्यानं ते तेल चाटून घेतलं आन् दिसभर हगवन. मंग गळ्यात ताईत बांधला. ताईत लाडल्यानं दोरीसगट खाल्ला. मौलाबी म्हनली, "पोट में गया तो और अच्छा, अंदर से असर करेगा." मंग ती बिब्याचा चटका द्यायला निंगाली, तवा मी आडवी आले. म्हनले, मौसी, नाजूक कातडी हाय, जळंल. ती म्हनली, "तेरे कू क्या मालूम?" मला समदं मालूम व्हतं, तेच तर दुखनं व्हतं.

छोटीबी जेवंना. तिसऱ्या दिशी साहेबाच्या कानावर गेलं. आता कोनी साधा मानूस आसता तर ससा टोपलीत घालून जनावराच्या डाक्तरकडं गेला आसता. पन अंमलदार कागदाबिगर जागचा हालत न्हाई. त्यांनी रंगोपंताला बलावलं. रंगोपंत अर्जनवीस, उर्दू असं लिवायचे की हैदराबादी लोकांनी बघत राहावं. वरांड्यात बसले आन् मला इचारलं, "काय झालं गं, बराबर सांग."

"मागचे पाय गेले, पंत."

"कशानं?"

"काय की."

"काय की असं दफ्तरात लिवता येत न्हाई. सबब नामालूम, असं लिवतो." आन् लिवलं.

आता उर्दूत सशाला म्हनतेत खरगोश. खर म्हंजे गाढव, गोश म्हंजे कान. गाढवाच्या कानाचा म्हनून खरगोश. लढाईपायी कागदाची टंचाई, कडंला जागा सोडायची न्हाई असा वरून हुकूम, म्हनून पंत कागदाच्या अगदी काठापस्तोर लिवत गेले. काठावर 'खर' मावलं. 'गोश' खालच्या वळीत गेलं. साहेबानं न वाचता सही ठोकली, साहेब लोक वाचत बसले तर सह्या कवा करतील?

कागद गेला जिल्ह्याच्या गावाला, जनावराच्या दवाखान्यात. तीन दिसांनी जबाब आला. पंत वरांड्यात मोठ्यानं वाचायला लागले आन् वाचता वाचता त्यांचा आवाज बारीक व्हत गेला. त्याच्यात इचारलं व्हतं, सदर गाढव सरकारी का खानगी? दुखनं कोन्त्या कानाचं, डाव्या का उजव्या? पाय गेले ते वझ्यानं गेले काय, आन् वझं किती वाहते?

साहेब म्हनले, "कौन गधा?"

पंतानं लई अदबीनं कागदाची नक्कल पुढं केली आन् सहीवर बोट ठिवलं.

साहेबानं सही बगितली. मंग पंताकडं बगितलं. मंग आभाळाकडं. चूक झाली म्हनावं तर न वाचता सही केली हे वर कळते. मंग खाकरून म्हनले, "जवाब लिखो. गधा खानगी. दोनों कान."

"आन् वझं, हुजूर?"

"फिलहाल कुछ नहीं उठाता."

असा लाडला दफ्तरात गाढव झाला. आन् गाढवाला बघायला सलोतरी, म्हंजे जनावराचा सरकारी डाक्तर, येनार म्हनून बंगल्यात गाढव पायजे, तर नाल्यापल्याडच्या वडाराचं एक चांगलं जवान गाढव आनून पारिजातकाच्या झाडाला बांधलं. त्याला माझ्या सशांचा लसूनघास.

सलोतरी आला तो आठवा दिस. हडकुळा, म्हातारा, छत्री आन् चामड्याची थैली. आदी गाढवाकडं नेला. त्यानं कान बगितले, दोन्ही. शेपटी उचलली. मागचा पाय दाबला, तर गाढवानं अशी लाथ घातली की छत्री लांब जाऊन पडली.

"हुजूर, इसकी पिछली टांगें तो मुझसे अच्छी हैं."

"संभल गया है," साहेब म्हनले. "दूसरा अंदर है."

मंग सलोतरीला आत नेला. बेगमसाब पडद्यामागं. छोटीबी लाडल्याला मांडीवर घिऊन बसलेली, मौलाबी दाराशी, मी कोपऱ्यात नामाला छातीशी धरून. सलोतरीनं सशाकडं बगितलं, मंग कागदाकडं, मंग परत सशाकडं.

"हुजूर, ये खर नहीं. खरगोश है."

"कागज पर क्या है?"

"खर. और कान."

"तो? कान नहीं हैं क्या इसके?"

सलोतरी येवढी वर्सं सरकारी नौकरीत असाच न्हाई टिकला. तो म्हनला, "हैं हुजूर, माशाल्ला." आन् खाली बसला. म्हनला, गाढवाचे मागचे पाय सोताहून गेले तर कमरंवर डाग देतेत, दफ्तरात तोच इलाज लिवलेला हाय. जनावर छोटं तर डाग छोटा. मौलाबीच्या चुलीत सळई घातली. मंग त्यानं समद्यांकडं बगून इचारलं, "एक बात बोलो. ये गिरा? किसी ने उठाया? चोट लगी? हवा से गया तो दाग चलेगा. चोट होगी तो दाग से मरेगा."

बोलनार कोन? ठाऊक एकटीला.

मौलाबीनं सळई आनली, टोक लाल. छोटीबीला सांगितलं, पुढचे पाय धर. तिनं डोळे मिटून धरले आन् लाडल्याच्या कानात सांगायला लागली, "जरासा दुखेगा, बस जरासा." लाडल्याचं नाक हलत व्हतं, भरभर, भरभर.

आन् माझ्या तोंडातनं निंगालं. "डागू नका जी! मी केलं! कानाला धरला व्हता मी, बूड लोंबकळत व्हतं, नामा हौदावर चढला व्हता, मी पळाले, त्यानं लाथ झाडली आन् माझ्या हाताला कट् लागलं, हवा न्हाई जी, वारं न्हाई, मी केलं, मी!" एका दमात. मंग दम संपला आन् मी भिताडाला टेकून खालीच बसले. नामा रडायला लागला, मी रडते म्हनून.

सलोतरीनं सळई पान्याच्या घंगाळात टाकली. चर्र झालं.

"आठ दिन," तो म्हनला. "आठ दिन काय कू नहीं बोली?"

"नौकरी जाईल म्हनून जी."

त्यानं लाडल्याच्या मागच्या पायाचं बोट चिमटीत धरलं आन् दाबलं. आमी समदे बघून राहिलो. कायबी न्हाई. परत दाबलं. तवा पाय हलला. वढला न्हाई, हलला, झोपेत मानूस बोट हलवते तसा.

"जान बाकी है," सलोतरी म्हनला. मंग मला जवळ बलावून त्यानं सांगितलं, ते मी शिकलेल्या लोकांसाठी लिवते. सशाची हाडं चिमनीची आन् लाथ घोड्याची. बूड अधांतरी राहिलं की तो झटका देतो आन् सोताच्याच लाथंनं सोताची कमर मोडून घेतो. मनका तुटला आसंल तर कोनी कायबी करू शकत न्हाई. नुसता मार लागून आत सूज आसंल तर एकच दवा, हलू द्यायचं न्हाई. लहान खोकं, मऊ चिंध्या, तीन आठवडे. दिसातनं चारदा कूस बदला. लघवी तुंबली तर पोट हळू दाबून काढा. बूड कोरडं ठिवा, माशी बसू देऊ नका, अळ्या पडतेत. हातानं चारा. "और तेल-वेल नक्को," मौलाबीकडं बगून.

तो गेल्यावर पडदा हालला. बेगमसाब बाहेर आल्या. मी उठून उभी राहिले.

"बच्चा हौद तक गया था?"

"जी."

"गिरा?"

"न्हाई जी. धरला."

त्यांनी नामाकडं बगितलं, पायापासून डोक्यापस्तोर. मंग म्हनल्या, "तूने बिठाया, तूईच उठा. तीन हफ्ते. उठा तो देखेंगे. नहीं उठा तो तू भी मत आ, बच्चा भी."

ते तीन आठवडे मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. नामाला जुन्या लुगड्यानं कमरंला बांधून दुसरं टोक बाजंच्या पायाला, आन् मी खोक्याजवळ. सोताच्या लेकराचं जेवढं केलं न्हाई तेवढं त्या सशाचं केलं. पोट दाबून त्याला मुतवायला शिकले. नरडं सुकलं की फडकं वलं करून तोंडात पिळलं. मनात येकच येत व्हतं, पैल्याच दिशी बोलले आसते तर ते आठ दिस त्यानं सोताला फरशीवरून वढत नेलं नसतं, तेल चाटलं नसतं, ताईत खाल्ला नसता. मी भ्याले आन् किंमत त्यानं दिली.

तिकडं झाडाखाली गाढव मजेत. सलोतरीनं कागदावर लिवलं व्हतं, 'खर' ला तीन आठवडे पूर्न आराम. कागदावर आराम म्हंजे आराम. वडार रोज यायचा, हात जोडायचा. "हुजूर, माझं गाढव द्या, धोंडे कोन वाहील?"

"बीमार है," साहेब म्हनायचे.

"न्हाई जी, चांगलं टनटनीत हाय!"

"तू सलोतरी है?"

वडार आल्या वाटंनं परत. आख्ख्या मुलखात त्या साली सरकारी आराम मिळालेलं तेवढं एकच कष्टाचं जनावर. मानसांपैकी कोनाला मिळाल्याचं मला ठाऊक न्हाई.

दुसऱ्या आठवड्यात लाडल्यानं बोट दाबलं की पाय वढून घेतला. मंग एक दिस खोक्यात कुशीवर ठिवला व्हता तो पोटावर झालेला. मी कोनाला सांगितलं न्हाई, दिठ लागंल म्हनून. तिसरा आठवडा सरता सरता मी त्याला वसरीत फरशीवर सोडला, पोत्यावर, समदे बघायला जमलेले. बसला. नाक हलवलं. मंग मागचं बूड उचललं, थरथरलं, पडला. मी हात पुढं केला न्हाई. परत उचललं. आन् एक उडी मारली. तिरपी, डाव्या पायाची, उजवा थोडा फरकटत. तो उजवा पाय कधीच बराबर झाला न्हाई, ते माझ्या नावावर हाय. पन मंग दुसरी उडी मारली, तिसरी मारली, आन् लसूनघासाच्या पेंडीपस्तोर गेला आन् खायला लागला, जसं कायबी झालंच न्हाई.

छोटीबीनं टाळी वाजवली, धावली, आन् दोन्ही कान धरून त्याला उचललाच.

"ए पोरी! बुडाखाली हात घाल!"

मी वरडले. मी. अंमलदाराच्या लेकीला, ए पोरी. असा आवाज मी नामावर बी कधी काढला न्हाई. साहेब दारात उभे, त्यांचं तोंड उघडं. मौलाबीनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं आता माझीच कमर गेली. आन् लाडला लोंबकळून राहिला, आन् पोरगी माझ्याकडं बघून राहिली.

मागून बेगमसाबचा आवाज आला. माझ्यावर न्हाई.

"सुना नहीं? वो जैसा बोलती वैसा पकड़."

छोटीबीनं बुडाखाली हात घातला. तो हात लहान, पुरंना, म्हनून मी तिच्या हाताखाली माझा हात लावला. त्याचं बूड दोघींच्या हातावर बसलं, गरम, जड, आन् त्यानं लाथ मारली न्हाई.

"ऐसा?" तिनं इचारलं.

"हां, अस्सं. रोज अस्संच."

सांजच्याला मी नामाला बाजंच्या पायापासून सोडला, जाळ्या लावल्या, गोनपाट वलं केलं, आन् दाराशी येऊन उभी राहिले, कोनी काय म्हनते का बघायला. कोनी कायबी म्हनलं न्हाई. म्हनून दुसऱ्या दिशी मी गेले, लेकराला कडेवर घिऊनच.